कॉलेजातलं पुढारपण : सतरंजी उचलणारा कोण आणि सतरंजीवर बसणारा कोण?



आजचा लेख खरं तर बारावी झालेल्या आणि कॉलेजला जायला लागलेल्या मुला-मुलींसाठी आहे. पण त्यांच्या आई-वडिलांनीही वाचावा, कारण प्रश्न त्यांनीच विचारलेला आहे.

झालं असं. मला शिक्षकाची नोकरी लागली नव्हती तेव्हा मी बेंबळीत शिकवण्या घ्यायचे. त्या वेळी सातवीत असलेला एक मुलगा आता धाराशिवला बी.ए. करतोय. मागच्या महिन्यात स्टँडजवळ त्याचा मोठा बॅनर लागला. एका पक्षाच्या विद्यार्थी संघटनेचा तालुकाध्यक्ष म्हणून त्याची निवड झाली होती. वर नेत्यांचे सात-आठ फोटो, खाली याचा गॉगल घातलेला फोटो आणि "भावी" काहीतरी लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील घरी आले. म्हणाले, "मॅडम, तुमचं ऐकतंय ते. पोरगं कॉलेज करायलंय का पुढारपण करायलंय, मला तर काई कळंना."

मी तेव्हा त्यांना नीट उत्तर देऊ शकले नाही. नंतर बसून थोडी माहिती गोळा केली. ती तुमच्यासमोर ठेवते.

आपल्या भागात हे नवीन नाही

आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे तुम्ही इतिहासात शिकलात. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने बंदी घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी संप केला. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यांचं शिक्षण तिथेच संपलं असतं, पण नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्याच चळवळीतले एक विद्यार्थी होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या मुलांना पद कोणी दिलं नव्हतं. मिळालं ते नाव कमी झाल्याचं पत्र. आणि नागपूरचा दरवाजा उघडला नसता, तर त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंही आपल्याला आज कळली नसती.

आपल्याच जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचं गाव आहे. तिथे 1921 साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ या शाळेत मुख्याध्यापक होते. ते स्वतः सोलापूरला शिकत असताना असहकाराच्या चळवळीत सरकारी शाळा सोडून बाहेर पडलेले विद्यार्थी. मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारा माणूस आधी आपल्या भागातल्या एका लहान शाळेत फळ्यासमोर उभा होता, हे आठवलं की मला (शिक्षिका असल्यामुळे म्हणा) जरा जास्तच बरं वाटतं.

पुढचा काळ बघा. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे यांची मैत्री झाली. दोघंही अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेत काम करत होते. 1975 च्या आणीबाणीत दोघंही तुरुंगात गेले. मुंडे 1980 ला आमदार आणि 1995 ला उपमुख्यमंत्री झाले. दुसऱ्या बाजूला विलासराव देशमुख. कायद्याची पदवी घेऊन ते बाभळगावला परत आले आणि 1974 मध्ये सरपंच झाले. नंतर उस्मानाबाद जिल्हा युवक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तेव्हा लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं, 1982 ला वेगळं झालं. म्हणजे एक वाट कॉलेजातून गेली आणि दुसरी ग्रामपंचायतीतून.

आमच्या या मुलाच्या मोबाइलवर याच नेत्यांचे व्हिडिओ असतात. पण व्हिडिओत फक्त पोचलेला माणूस दिसतो. त्याच्याबरोबर त्याच मोर्चात चाललेले बाकीचे पन्नास जण कुठे गेले, ते कोणी दाखवत नाही.

संघटना म्हणजे नेमकं काय?

इथे मुलांचा फार गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. विद्यार्थी संघटना वेगळी, पक्षाची युवक आघाडी वेगळी आणि पक्ष वेगळा. ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन 1936 ची, स्वातंत्र्याच्या आधीची. ती पुढे कम्युनिस्ट पक्षाच्या जवळ राहिली. विद्यार्थी परिषद 1949 ला नोंदली गेली. ती संघपरिवारातली आहे, पण आपण कुठल्या पक्षाची शाखा नाही असं ती सांगते. भाजपची युवक आघाडी म्हणजे भारतीय जनता युवा मोर्चा. स्टुडंट्स फेडरेशन ऑफ इंडिया 1970 ची आहे आणि मार्क्सवादी पक्षाच्या विचाराची आहे. एनएसयूआय 1971 ची. ती काँग्रेसची विद्यार्थी संघटना, आणि युवक काँग्रेस निराळी. 2010 च्या दसरा मेळाव्यात शिवसेनेने युवासेना सुरू केली. तिचं नेतृत्व आदित्य ठाकरे यांच्याकडे आलं, तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि मुंबईत कॉलेजात शिकत होते.

आता वीस वर्षांचा तोही आणि वीस वर्षांचा आमचा हाही. दोघांनाही पद मिळालं. पण एकाच्या मागे आजोबांनी उभा केलेला पक्ष होता आणि एकाच्या मागे तीन एकर कोरडवाहू आणि सोयाबीनचा भाव. हे मी कोणाला हिणवायला लिहीत नाही. दोघांनी धोका सारखाच घेतला तरी पडल्यावर लागतं ते सारखं नसतं, एवढंच म्हणायचंय.

निवडणूक बंद झाली, पदं मात्र वाढली

तुमच्या वडिलांच्या किंवा काकांच्या तोंडून 'जीएस' आणि 'यूआर' हे शब्द ऐकले असतील. जीएस म्हणजे कॉलेजचा निवडून आलेला सरचिटणीस आणि यूआर म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी. पूर्वी यासाठी कॉलेजात खरोखर मतदान व्हायचं. सहली निघायच्या, पॅनल पडायचे, मुलं पळवली जायची, मारामाऱ्या व्हायच्या. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा कॉलेज निवडणुकीच्या वादातून खून झाला. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने मतदान जाऊन गुणवत्तेवर नेमणूक सुरू झाली. म्हणजे वर्गात पहिला आला तो प्रतिनिधी.

नंतर 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. उमेदवाराची हजेरी 75 टक्के असावी, पदवीच्या विद्यार्थ्याचं वय 17 ते 22 मध्ये असावं, खर्च 5000 रुपयांच्या वर जाऊ नये आणि राजकीय पक्षांना या निवडणुकांपासून दूर ठेवावं, अशा त्या शिफारशी. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेची निवडणूक परत आली. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा एक प्रतिनिधी आणि वर्ग प्रतिनिधी अशी रचना ठरली. 2019 मध्ये निवडणुका होणार म्हणून गाजावाजाही झाला. आधी विधानसभेची निवडणूक आडवी आली, मग कोरोना आला.

याचा परिणाम काय झाला ते समजून घ्या. निवडणूक असती तर आमच्या मुलाला आधी वर्गातल्या साठ जणांची मतं मागावी लागली असती. मुलींच्या स्वच्छतागृहाचं काय करणार, लायब्ररी पाचला का बंद होते, असे प्रश्न त्याला त्यांनी विचारले असते. आता तसं होत नाही. पद वरून येतं, एक नियुक्तीपत्र आणि एक हार घेऊन. त्यामुळे उत्तर द्यायचं तेही वरच. मला तर वाटतं, कॉलेजात राजकारण नको म्हणून मतदान बंद केलं आणि मतदान तेवढं गेलं, राजकारण जिथल्या तिथे राहिलं.

आग लावणं सोपं असतं

एक कडू गोष्टही सांगायला हवी. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. नामांतराच्या बाजूने विद्यार्थी होते, विरोधातही विद्यार्थीच पुढे होते. शहरातल्या कॉलेजांत पेटलेला विरोध बघता बघता खेड्यांत पोचला आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरं जळाली, माणसं मेली. कॉलेजात भाषण करणाऱ्या कितीतरी मुलांना ते गाव माहीतही नसेल. शेवटी 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं गेली. ज्या विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात आज आपली मुलं शिकतात, तेच हे विद्यापीठ.

आज भाषणही लागत नाही, एक स्टेटस पुरतं. म्हणून त्या मुलाला मी पहिली गोष्ट हीच विचारली, "तुझ्या ग्रुपवर येतं ते पुढे पाठवण्याआधी वाचतोस का रे?" तो हसला. म्हणजे वाचत नाही.

गुन्हा, बॅनर आणि पोलीस भरती

बेंबळीतली निम्मी पोरं सकाळी पाचला रस्त्यावर पळताना दिसतात. पोलीस भरती. नोकरी लागताना चारित्र्य पडताळणी होते आणि रास्ता रोकोत नाव आलं असेल तर तिथे अडतं. राजकीय व सामाजिक आंदोलनातले खटले मागे घेण्याचे निर्णय सरकार अधूनमधून काढतं, पण त्यालाही अटी असतात आणि कोर्टाच्या तारखा तोवर चालूच राहतात. नेत्याला वकील असतो. तालुकाध्यक्षाला वडील असतात.

दुसरा प्रश्न पैशाचा. बॅनरचे पैसे कोणी दिले? त्याने दिले असतील तर कुठून दिले? आणि दुसऱ्याने दिले असतील तर तो बदल्यात काय मागणार? मुलाने उत्तर दिलं नाही, मीही ताणलं नाही.

माझंही थोडं सांगते. 2010 नंतर आमच्या डी.एड.वाल्यांची भरती कितीतरी वर्षं थांबली होती. टीईटी आली, मग पवित्र पोर्टल आलं, आणि आम्ही पुण्याला शिक्षण आयुक्त कार्यालयासमोर जाऊन बसायचो. मी पहिल्यांदा मोर्चात गेले ती तेव्हा. तिथे जोरात घोषणा देणारे खूप होते. पण अधिकारी आत बोलवायचे ते एका बारक्या मुलीला, कारण तिच्या पिशवीत सगळे शासन निर्णय तारखेप्रमाणे लावलेले असायचे. तिला कुठलंही पद नव्हतं. आता मी जिल्हा परिषदेची कर्मचारी आहे आणि 1967 च्या वर्तणूक नियमांनी मला राजकारणात भाग घेता येत नाही. पण मतदार यादीचं काम आमच्याच गळ्यात असतं. त्यामुळे मला माहीत आहे की तालुकाध्यक्ष झालेल्या कितीतरी मुलांचं स्वतःचं नाव यादीत नसतं! 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, या चारपैकी कुठल्याही तारखेला 18 पूर्ण होत असतील तर नाव नोंदवता येतं. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो, नमुना 6. ग्रामपंचायतीला उभं राहायला 21 वय लागतं, विधानसभेला 25. वीस वर्षांच्या "भावी आमदाराने" एवढं तरी पाठ ठेवावं.

त्याच्या वडिलांना मी शेवटी एवढंच म्हणाले की त्याला रागावून पद सोडायला लावू नका, पण हजेरीपत्रक दर महिन्याला बघा.

गेल्या रविवारी तो स्वतःच आला, हातात कागद. सकाळची एस.टी. वेळेवर येत नाही म्हणून बेंबळीच्या मुलामुलींचा पहिला तास बुडतो. पास काढूनही वडापने जावं लागतं. त्याचं आगार व्यवस्थापकांना निवेदन द्यायचं होतं. "मॅडम, शुद्धलेखन बघा की."

मी लाल पेन घेतला, सवयीने. वर नेत्याचं नाव ठळक, खाली संघटनेचं नाव त्याहून ठळक, मग त्याचं पद. बसचा विषय थेट आठव्या ओळीत. बस किती दिवस उशिरा आली, किती मुलांचा तास बुडाला, काहीच नव्हतं. मी म्हणलं, "आठवडाभर वही घेऊन स्टँडवर उभा राहा. रोजची वेळ लिही. पासधारकांच्या सह्या घे. मुलींच्याही घे, त्याच जास्त असतात."

तो जरा हिरमुसला. पण काल संध्याकाळी वही घेऊन परत आला. सहा दिवसांच्या वेळा होत्या आणि 43 सह्या, त्यातल्या 26 मुलींच्या. नेत्याचं नाव आता सगळ्यात खाली गेलं होतं. पूर्ण काढायला त्याला जमलं नव्हतं, आणि मीही आग्रह धरला नाही.

"सोमवारी देतो, मॅडम."

"दोन प्रती कर. एकीवर शिक्का मारून पोच घे. पोच घेतल्याशिवाय फोटो काढायचा नाही."