मोतीबिंदू पिकण्याची वाट

(द्वितीय वर्ष, कला)

"अजून पिकला नाही. पिकू दे, मग बघू." आजीच्या उजव्या डोळ्याबद्दल आमच्या घरी दोन वर्षे हेच चालले होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच; पण या बाबतीत पारावरच्या मंडळींपेक्षा मला अधिक काही कळत नव्हते. अखेर दिवाळीच्या सुट्टीत तिला नेत्रशिबिरात नेले. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू थोडासाच आहे. नजर गेली ती काचबिंदूने. ती आता परत येणार नाही." डावा डोळा औषधाने राखता येईल, एवढाच दिलासा. नावे इतकी सारखी आणि परिणाम इतके निराळे! हा फरक आपणा सर्वांना ठाऊक असावा, म्हणून हा लेख.

प्रथम मोतीबिंदू. बाहुलीमागचे पारदर्शक भिंग वयोमानाने गढूळ होते, तो मोतीबिंदू. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, रंग फिके वाटतात, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. कधी एखाद्या आजोबांना एकाएकी चष्म्यावाचून पोथी वाचता येऊ लागते. घरचे आनंदतात, पण तेही मोतीबिंदूचे लक्षण असू शकते. शस्त्रक्रियेने ही नजर बहुधा परत मिळते.

मग 'पिकण्याचे' काय? ही समजूत अगदीच निराधार नव्हती. पूर्वी गढूळ भिंग काढल्यावर डोळ्यात दुसरे बसवीत नसत; जाड चष्मा लावावा लागे. म्हणून नजर बरीच अधू होईपर्यंत थांबत. १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी प्रथम डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. आज ते सर्रास बसवितात. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करून घेता येते. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड जाते.

काचबिंदूची गोष्ट वेगळी. डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट झाला नाही, की बहुधा आतला दाब वाढतो आणि दृष्टीच्या मज्जातंतूला इजा होते. आधी कडेची नजर जाते. समोरचे दिसत राहते. म्हणून रोग्यालाही पत्ता लागत नाही. आजीच्या हाताने ताटाजवळचा तांब्या लवंडे, चौकटीला तिचा उजवा खांदा लागे. 'वय झालं' म्हणून आम्ही हसलो. ते हसण्याचे नव्हते, हे आज कळते. थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने उरलेली नजर वाचविता येते, गेलेली नव्हे.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र अचानक येतो. डोळा लाल होतो, असह्य दुखतो, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. पित्त समजून आल्याचा रस देत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणखी एक खूण. दाराची चौकट किंवा फरशीच्या रेषा वाकड्या दिसू लागल्या, वाचताना अक्षरांच्या मध्येच डाग आला, तर डोळ्यातील पडद्याच्या मध्यभागाची झीज झालेली असू शकते. यातही उशीर करू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर काही त्रास नसला तरी दरवर्षी पडदा तपासून घ्यावा.

घरी एवढे करता येईल: एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगावे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो. अर्थात कॅलेंडर वाचता आले म्हणजे काचबिंदू नाही, असे नव्हे. डोळ्याचा दाब आणि आतली नस डॉक्टरांनीच पाहावी लागते.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात येऊ शकतो, असेही शिबिरात सांगितले. माझ्या वडिलांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे. "मला चांगलं दिसतंय की," असे ते म्हणतात. आजीही हेच म्हणत असे. परीक्षा संपताच त्यांना तपासणीला नेणार आहे. आपणही या सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांना न्यावे, एवढीच विनंती.