मोटारीच्या अल्टरनेटरचा पट्टा : तो घसरतो कीं तुटला हें ओळखण्याची रीत

बैल लंगडूं लागला तर समजूतदार शेतकरी आधीं त्याचा पाय उचलून खूर पाहतो, खुरांत खडा किंवा कांटा शिरला आहे काय याचा शोध करतो. तडक बाजारांत जाऊन नवा बैल आणीत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र आपण नेमके उलट वागतों. समोरच्या फलकावर बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा लागला कीं 'बॅटरी गेली' असा निकाल देऊन आपण मोकळे होतों व नवी बॅटरी घेऊन येतों. वास्तविक तो दिवा इतकेंच सांगत असतो कीं, बॅटरींत वीज भरली जात नाहीं. ती कां भरली जात नाहीं, हें पाहण्याचें काम आपलें आहे. आणि पुष्कळ वेळां त्याचें कारण एका रबरी पट्ट्यांत सांपडतें.

आमच्या एका आप्ताचें बिऱ्हाड बोरिवलीस व शेती भिवंडी तालुक्यांत आहे. त्यांच्या डिझेल पिकअप गाडीचा हा दिवा एका पावसाळ्यांत सकाळच्या वेळीं लुकलुकूं लागला. मिस्त्र्यानें नवी बॅटरी बसवून दिली. दहा-बारा दिवसांनीं पुन्हां तीच तक्रार उद्भवली, तेव्हां त्यानें बॉनेट उघडून पट्टा आंवळला. पुढें एके पहांटे भाजीचा माल भरून घोडबंदर रस्त्यानें येत असतां, गायमुखच्या घाटाच्या उतारावर बॉनेटखालीं चाबूक वाजल्यासारखा आवाज झाला. दिवा लागला तो विझेना, आणि दोन वेळां दाबल्यावर ब्रेकचा पायटा दगडासारखा कठीण झाला. मी शेजारींच बसलों होतों. आप्तानें घाबरून न जातां खालचा गिअर टाकला, पायट्यावर सर्व भार दिला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेस लावली, म्हणून आज हा लेख लिहितां येत आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्ही एक नियम पाळीत असूं : पंचनामा आधीं, निकाल मागून. तोच नियम या पट्ट्यास कसा लावावा, तें पुढें क्रमानें सांगतों.

पट्ट्याचें काम

इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकास एक पुली असते. तिच्यावरून हा पट्टा अल्टरनेटरच्या पुलीवर जातो व त्यास फिरवितो. अल्टरनेटर म्हणजे वीज उत्पन्न करणारें यंत्र. जुने मिस्त्री त्यास अद्यापि डायनेमोच म्हणतात. बॅटरी हें कोठार आहे. इंजिन सुरू करण्यापुरती वीज ती देते. त्यापुढें दिवे, वायपर, पंखा यांचा सर्व खर्च अल्टरनेटर भागवितो आणि कोठारही भरून ठेवतो. पट्टा घसरला कीं आवक खुंटते व जावक चालूच राहते. मग कोठार नवें असलें तरी तें किती दिवस पुरणार?

भाताच्या गिरणीचा सपाट पट्टा आपण पाहिला असेल. तो पुलीच्या पाठीवर बसतो व घसरूं लागल्यास गिरणीवाले त्यास राळ लावतात. मोटारीच्या जुन्या पद्धतीचा पट्टा निराळा आहे. तो पाचरीच्या आकाराचा असून पुलीच्या खाचेच्या दोन्ही कडांवर आपल्या बाजूंनीं पकड घेतो. झिजून अरुंद झालेला पट्टा खाचेच्या तळास टेकला कीं त्याची पकड सुटते. मग तो कितीही ताणला तरी घसरणारच. अलीकडील गाड्यांत रुंद व आंतून पन्हळी असलेला एकच लांब पट्टा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, गार हवेचें यंत्र अशा अनेक पुल्यांवरून फिरतो, व त्याचा ताण बहुधा स्प्रिंगची ताणपुली आपोआप राखते.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. पुष्कळ डिझेल गाड्यांत ब्रेकास मदत करणारा निर्वात पंप अल्टरनेटरच्याच पाठीस जोडलेला असतो. अशा गाडीचा पट्टा तुटला कीं एक-दोन वेळां ब्रेक नेहमींप्रमाणें लागतो, आणि मग ती मदत संपते. ब्रेक नाहींसा होत नाहीं, पण तो लावण्यास पायाचें फार बळ लागतें. आमच्या गाडीस घाटांत हेंच झालें. आपल्या गाडींत हा पंप कोठें आहे, हें प्रत्येक मालकानें आजच विचारून ठेवावें.

घसरणाऱ्या पट्ट्याचीं लक्षणें

(१) गाडी सुरू करतांच, विशेषतः गार व ओलसर सकाळीं, किंचाळल्यासारखा आवाज येतो व थोड्या वेळानें थांबतो. इंजिन सुरू करण्यांत खर्च झालेली वीज बॅटरी त्या वेळीं जोरानें ओढून घेते, त्यामुळें अल्टरनेटर फिरविण्यास जड जातो व ढिला पट्टा घसरतो. पुढचे दिवे किंवा गार हवा चालूं करतांच आवाज वाढला, तर संशय अधिक बळावतो.

(२) तांबडा दिवा एंजिनाचा वेग वाढवितांना लुकलुकतो. चावी फिरवितांच, इंजिन बंद असतां, हा दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू होतांच विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो मुळींच लागत नसेल, तर दिव्याच्या वाटेंतच दोष आहे व तो आपणांस इशारा देऊं शकणार नाहीं.

(३) गाडी उभी असतां दिवे मंदावतात. या बाबतींत वयस्क वाचकांची एक जुनी समजूत बदलली पाहिजे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघालेल्या फियाट ११०० सारख्या जुन्या मोटारींत खराखुरा डायनेमो असे. तो मंद गतींत फारच थोडी वीज देई, म्हणून सिग्नलाशीं दिवे पिवळे पडणें स्वाभाविक मानीत. अल्टरनेटर मंद गतींतही पुरेशी वीज देतो. सबब आजच्या गाडीचे दिवे पिवळे पडले, तर तें दोषाचें चिन्ह समजावें.

(४) तोच पट्टा पाण्याचा पंप किंवा रेडिएटरचा पंखा फिरवीत असेल, तर इंजिन तापूं लागतें. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंड गाडी मुंगीच्या पावलानें सरकते, तेव्हां हें लौकर दिसून येतें.

(५) जळक्या रबराचा वास येतो व पुल्यांच्या आसपास काळी भुकटी सांचते.

पट्टा तुटला असेल तर लक्षणें हळूहळू येत नाहींत. फटका वाजतो, दिवा लागून तसाच राहतो, आणि त्या पट्ट्यावर जें जें चालत असेल तें सर्व एकदम थांबतें.

पावसाळ्यांत आणखी एक सावधगिरी पाहिजे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा प्रसंग वारंवार येत नसला, तरी अंधेरीच्या भुयारी मार्गांत पाणी भरणें हें उपनगरांत नेहमींचेंच आहे. पाण्यांतून गाडी काढल्यावर क्षणभर पट्टा ओरडला व वाळल्यावर गप्प झाला, तर घाबरण्याचें कारण नाहीं. वाळल्यावरही ओरडत राहिला, तर चिखल पुलीच्या खाचेंत बसला असेल किंवा पट्टा मूळचाच ढिला असेल.

परीक्षा

इंजिन बंद करावें, तें निवूं द्यावें व चावी खिशांत ठेवावी. विजेचा पंखा इंजिन बंद असतांही कित्येक गाड्यांत आपोआप फिरूं लागतो, म्हणून बोटें त्यापासून दूर असावींत. गळ्यांतील टॉवेल काढून ठेवावा.

पहिली परीक्षा डोळ्यांची. पट्टा उलटवून आंतील बाजू पाहावी. आडव्या भेगा, सुटलेले धागे, तुटलेल्या पन्हळी दिसल्यास पट्टा बदलावा. बाजू आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील, तर तो पुष्कळ दिवस घसरत आहे असें समजावें. तेल किंवा रेडिएटरचें पाणी लागलें असेल, तर आधीं ती गळती बंद करावी. नाहीं तर नवा पट्टाही तसाच नासेल.

दुसरी परीक्षा अंगठ्याची. पाचरी पट्ट्याच्या सर्वांत लांब मोकळ्या भागावर मधोमध अंगठा दाबावा. सामान्यतः तो सुमारें अर्धा इंच दबावा. नक्की माप गाडीच्या पुस्तकांत असतें. अधिक दबला तर ढिला; मुळींच न दबला तर फाजील ताणलेला. ताणपुलीच्या गाडीस ही परीक्षा लागू नाहीं. तेथें ताणपुली अडकते किंवा थरथरते काय, तें मिस्त्र्याकडून पाहून घ्यावें.

तिसरी परीक्षा पाण्याची. मोकळ्या जागीं गाडी उभी करून, गिअर काढून व हातब्रेक ओढून इंजिन सुरू करावें आणि पन्हळी पट्ट्याच्या आंतील बाजूवर दुरून थोडेंसें पाणी शिंपडावें. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हां आला, तर पुल्या एका रेषेंत नाहींत.

चौथी परीक्षा मापाची. साधा मल्टिमीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांस लावावा. कांहीं तास उभ्या असलेल्या गाडींत भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालूं असतां हा आंकडा बहुधा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जावा. तो वर चढलाच नाहीं, तर वीज भरली जात नाहीं हें सिद्ध झालें. पट्टा चांगला, ताण योग्य, आणि तरीही आंकडा चढत नसेल, तरच अल्टरनेटर किंवा त्याच्या तारा यांकडे वळावें. आंकडा बरोबर असून सकाळीं गाडी उठत नसेल, तर बॅटरीवर आरोप ठेवण्यास हरकत नाहीं.

शेवटीं, पट्टा काढलेला असतां प्रत्येक पुली हातानें फिरवून पाहावी. ती खरखरली, डुलली किंवा अडली, तर तिचें बेअरिंग गेलें आहे. पट्टा हा केवळ बळी होय.

काय करूं नये

इंजिन चालूं असतां बॅटरीची तार काढून 'डायनेमो चालतो काय' हें पाहण्याची जुनी रीत कांहीं ठिकाणीं अजून दिसते. ती डायनेमोच्या काळांत खपून गेली. आजच्या गाडींत त्यामुळें अल्टरनेटर व इतर नाजूक विजेचीं यंत्रें जळूं शकतात. तसेंच मोटारीच्या पट्ट्यास राळ, मेण किंवा साबण लावूं नये. आवाज तेवढा दबतो, धूळ चिकटते, आणि दोष आंत वाढत राहतो. पट्टा तारेसारखा ताणणेंही वाईट. त्यानें अल्टरनेटर व पाण्याचा पंप यांचीं बेअरिंगें लौकर झिजतात.

वाटेंत पट्टा तुटल्यास

गाडी कडेस घेऊन प्रथम हें ठरवावें कीं, पाण्याचा पंप याच पट्ट्यावर आहे काय. असल्यास इंजिन लगेच बंद करावें. थोड्याच मिनिटांत तें तापून त्याचें न भरून येणारें नुकसान होतें. ब्रेकचा पंप त्यावर असल्यास माल भरलेली गाडी पुढें हांकूं नये, ओढून न्यावी. केवळ अल्टरनेटरच त्यावर असेल, तर जवळच्या ठिकाणापर्यंत बॅटरीवर जातां येतें. त्याचा हिशेब असा : पुढचे ५५ वॅटचे दोन दिवे मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टांवर सुमारें ९ अँपिअर. वायपर, पंखा व इंजिनाची स्वतःची वीज धरून खर्च २० अँपिअरांपर्यंत जाऊं शकतो. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरींतील निम्म्याच विजेवर भरंवसा ठेवावा. म्हणजे दीड तास. दिवसा, दिवे व गार हवा बंद ठेवून, हा अवधि वाढतो. मध्यें इंजिन बंद करूं नये; पुन्हां सुरू होईलच असें नाहीं.

नवा पट्टा घेतांना जुन्यावरील क्रमांक जुळवून घ्यावा. दोन पाचरी पट्टे जोडीनें असतील, तर दोन्ही एकदम बदलावे, कारण नव्या-जुन्याच्या जोडींत सर्व भार एकावरच पडतो. नवा पाचरी पट्टा प्रथम थोडा सैलावतो. म्हणून कांहीं दिवसांनीं ताण पुन्हां पाहावा. ट्रॅक्टरावरही पंखा, पाण्याचा पंप व अल्टरनेटर बहुधा एकाच पट्ट्यावर असतात. तेव्हां हीच परीक्षा त्यासही लागू आहे.

आमच्या आप्ताच्या गाडीचा तुटलेला पट्टा मीं नंतर हातांत घेऊन पाहिला. त्याच्या दोन्ही बाजू कांचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि तो खाचेच्या तळास घासत असल्याची खूण आंतल्या अंगास स्पष्ट होती. म्हणजे बॅटरी बदलली तेव्हांही दोष तेथेंच होता, व पट्टा आंवळला तेव्हांही तेथेंच. पाहिला मात्र कोणीं नाहीं. त्यांची जुनी बॅटरी निर्दोष निघाली व ती आज विहिरीवरच्या दिव्यास उपयोगीं पडत आहे. आतां ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पट्टा पाहतात, ज्येष्ठांत पावसाच्या आधीं एकदां मिस्त्र्यास दाखवितात, आणि आसनाखालीं एक नवा पट्टा व त्यास लागणारे पाने ठेवतात. वाचकांनींही इतकें करावें. बॉनेट उघडून पांच मिनिटें पाहण्यानें बॅटरीचा व्यर्थ खर्च वांचेल. आणि घाटाच्या उतारावर जें वांचेल, त्याची किंमत कोणत्याही खातेवहींत मांडतां येणार नाहीं.