बैलाचं दुखणं लोकांना दिसू लागलं

मध्य प्रदेशात, सौंसर तहसिलीतलं आमचं बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. एका अंगाला कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या अंगाला संत्र्याचे बगीचे आणि कपाशी. २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा मिळून नवा जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत, पण चुलीपाशी आणि गोठ्यात बोलणं मराठीच. पशुपालन खात्याच्या नोकरीत या भागातले गोठे पाहण्यात माझी उमर गेली. जनावराला मारणं ही ज्याची त्याची घरगुती बाब, असं मानणारा हा मुलूख मी पाहिला. आता भर बाजारात कुणी बैलावर काठी चालवली तर दोन-चार माणसं त्याला हटकतात, तेही पाहतो आहे. हा बदल कसा आला आणि कुठे अडला, त्यातून जे शिकलो ते इथे लिहितो.

१. दया बाहेरून आणावी लागत नाही

‘प्राण्यांचे हक्क वगैरे शहरातल्या रिकाम्या लोकांचं खूळ’ हे मी पारावर कितीदा तरी ऐकलं आहे. त्यावर कायद्याचं कलम सांगितलं तर वाद वाढतो. गाडगेबाबांचं नाव काढलं की माणसं ऐकायला लागतात. बाबा अमरावतीकडचे, म्हणजे आमच्या लोकांना घरचेच. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्यांनी गोडाचं जेवण घातलं आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. पुढे जन्मभर जत्रांमध्ये, देवापुढे बकरं-कोंबडं कापणाऱ्यांच्या समोर उभं राहून ते कीर्तन करत राहिले. ते ऐकणाऱ्यालाच प्रश्न विचारत आणि उत्तरही त्याच्याच तोंडून काढून घेत. त्यांच्याही कितीतरी आधी, तेराव्या शतकात, शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटून आलेला ससा महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी आसरा देऊन वाचवला. ही लीळा महानुभाव घरांतून आजही सांगतात.

मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था निघाली, परळला जनावरांचा दवाखाना उभा राहिला. ते काम फार मोलाचं. पण खेड्यातल्या मनाची मशागत कीर्तनांनी केली. म्हणून प्राण्यांसाठी काही करू म्हणणाऱ्या पोरांना मी आधी गाडगेबाबांचं चरित्र वाचायला सांगतो, कायद्याचं पुस्तक त्यानंतर.

२. बोलणं खांद्यापासून सुरू करावं

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे शेकतात. तूप-हळद लावतात, उद्या जेवायला ये म्हणून त्याला आवतण देतात. ज्या माणसाचा हात त्या संध्याकाळी इतका हळुवार फिरतो, तोच पेरणीच्या दिवसांत सुजलेल्या खांद्यावर जू ठेवतो. यात ढोंग नाही. वाफसा चार दिवस टिकणार, जोडी एकच, आणि कर्ज डोक्यावर, अशी ती अडचण असते. शहरातून येणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही अडचण समजून घेतली नाही, तिथे त्यांचं कुणी ऐकलं नाही. ज्यांनी घेतली, त्यांचं ऐकलं.

खांदेसुजीचं असं असतं की जू घासून कातडी सोलते, आत पू धरतो, बैल ओढायला कचरतो. मग धन्याला वाटतं, हा आळशी झाला, आणि काठी बसते. मार खाणारा बैल बहुतेक वेळा दुखणाईत असतो, एवढी एक गोष्ट शेतकऱ्याचा हात त्याच्याच बैलाच्या खांद्यावर ठेवून दाखवावी लागते. मग जू तासून गुळगुळीत करणं, सारख्या उंचीचे बैल जुंपणं, गाडीचा भार पुढे झुकू न देणं, सूज दिसताच जोडी सोडणं हे सगळं तो आपणहून करतो. माझ्या अख्ख्या नोकरीत याहून मोठा प्रचार मी पाहिला नाही.

जुंपणीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. दिवसाला ९ तासांहून जास्त काम नको, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांहून जास्त नको, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. टोकदार काठीलाही त्यात मनाई आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे उन्हाळाभर दुपारी गाडी उभी राहायला हवी. हे नियम कागदावर होते, आणि तरी तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला ठोकलेली टोकदार आर मी त्यानंतर कित्येक वर्षं उघड पाहिली. आर टोचलेल्या जागी माशी बसते, किडे पडतात, बैल आठवडाभर बसून राहतो, हा हिशेब लोकांना पटला तेव्हा ती मागे पडली.

खच्चीकरणाचंही तसंच. पूर्वी गोऱ्ह्याला पाडून, चार पाय बांधून, त्याचे अंड दगडावर ठेचत. ते ओरडणं गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. पशुदवाखान्याचा बर्डिझो चिमटा आला, पुढे बधिर करण्याचं इंजेक्शन आलं, आणि एका पिढीत ती रीत संपली. आजच्या पोरांना हे सांगितलं तर त्यांच्या अंगावर काटा येतो. माणसांची नजर बदलली याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

३. पटाची बंदी उठली, पण भाषा पहिल्यासारखी उरली नाही

बैलांच्या शर्यतीला आमच्याकडे पट म्हणतात, शंकरपट म्हणतात. आमचा भाग गवळाऊ बैलांचा. नागपूर, वर्धा, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा त्यांचा मूळ टापू. अंगानं हलका, रंगानं पांढरा, पायानं चपळ. साहजिकच पटाचं वेडही इथं जुनं. जोडी हाकणारा धुरकरी शेपटी पिरगाळायचा, दातांनी चावायचा, आर टोचायचा. लोक त्याला कसब म्हणायचे.

२०११ च्या जुलैत केंद्रानं बैलाचा समावेश खेळ-करमणुकीसाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या जल्लिकट्टूसोबत बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. त्या निकालाचा एक धागा ब्रिटनपर्यंत जातो. तिथे रूथ हॅरिसन यांच्या १९६४ च्या पुस्तकानं बंदिस्त कोंबड्या-वासरांचे हाल लोकांपुढे आणले, त्यावर सरकारी समिती बसली आणि तिच्या विचारातून पुढे प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मांडली गेली. उपासमार-तहान नको, हाल नकोत, दुखणं-इजा नको, भीती नको, आणि जातीच्या स्वभावाप्रमाणे वागता यावं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या निकालात त्यांचा आधार घेतला. सौंसरच्या बाजारातल्या बैलाला आणि इंग्लंडच्या कोंबडीला एकच माप लागलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं ती दुरुस्ती कायम केली. ही मोकळीक महाराष्ट्राच्या कायद्यानं दिली, म्हणून ती महाराष्ट्रापुरती. हद्दीच्या या बाजूचे शौकीन त्या बाजूचा पट पाहायला जातात.

शर्यतींविरुद्ध लढणारे आंदोलक हरले, असं अनेक जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. आज पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाची तपासणी लागते, आणि आयोजकाला जाहीर सांगावं लागतं की इथे आर नाही, मारहाण नाही, हाल नाहीत. ज्यांनी आंदोलकांना शिव्या दिल्या त्यांच्याच तोंडी आता आंदोलकांचे शब्द आहेत. ते सगळेच पाळले जातात असं नाही. पण मैदानात कुणी शेपटी चावली तर शेजारचाच मोबाइल काढून चित्रण करतो, हे तीस वर्षांपूर्वी कुणाच्या मनातही आलं नसतं. माझ्यापुरतं सांगतो, शर्यत बंदच राहायला हवी होती. घोडा पळायला घडला आहे, बैल ओढायला. गवळाऊ जात पटामुळे टिकली हा युक्तिवाद मी जवळून तपासला आहे. जात टिकते ती चांगला वळू, वैरण आणि दुधा-कामाचा मोबदला यांनी.

४. वरून आलेला हुकूम लोक मनावर घेत नाहीत

पांढुर्ण्याची गोटमार घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. माणसं जायबंदी झाली, जिवानिशी गेली. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी दगडच उचलले. तिथे माणसाच्या जिवासाठी हुकूम चालला नाही, मग जनावरासाठी कसा चालेल?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची हत्तीण महादेवी, गावाची लाडकी माधुरी, हिच्या बाबतीत हुकूम चालला, पण लोकांच्या मनाविरुद्ध. तिच्या प्रकृतीबद्दल आणि एकटेपणाबद्दल प्राणिमित्रांनी तक्रार केली, न्यायालयांनी ती मान्य केली आणि जुलै २०२५ च्या अखेरीस ती गुजरातला वनतारा या प्राणिकेंद्रात गेली. हजारो लोक रस्त्यावर उतरले, म्हाताऱ्या बाया रडल्या. तिचे पाय दुखत होते हे खरं असू शकतं आणि गावाची मायाही खरी असू शकते. ही गोष्ट गावात बसून, महिनोन्‌महिने, मठाच्या ओसरीवर बोलायची होती. निकाल मिळाला, पण गाव दुखावलं, आणि पुढच्या हत्तीसाठी बोलणाऱ्याचं काम अवघड झालं.

५. ज्याची रोजी जाते त्याला विसरू नये

आमच्या लहानपणी अस्वलवाले यायचे, नागपंचमीला गारुडी यायचे. अस्वलाच्या नाकात तापलेली सळई घालून दोर ओवतात, नागाचे दात काढतात किंवा तोंड शिवतात, हे कळल्यावर लोकांनी पैसे टाकणं थांबवलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होताच. बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांच्या मिरवणुका उच्च न्यायालयाच्या आदेशानं थांबल्या. पण अस्वलांचा नाच खरा संपला तो अस्वलं नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसऱ्या धंद्यासाठी मदत आणि त्यांच्या मुलांना शाळा मिळाली तेव्हा. गारुड्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. ते मागतकरी झाले आणि आपण त्यांची चौकशी केली नाही.

६. दया वाढली, पण गरज संपली म्हणूनही वाढली

हे कटू आहे. बैलाला मारणं कमी झालं यात ट्रॅक्टरचा वाटा मोठा. जो रोज ओढत नाही त्याला मारायचं कारण उरत नाही. त्याच ट्रॅक्टरमुळे गोऱ्हा कुणाला नको झाला. आमच्या महामार्गावर पावसाळी रात्री जनावरं डांबरावर बसलेली असतात, ट्रक त्यांना उडवून जातात. पोळ्याला पूजन करणाऱ्या गावांनीच ती सोडलेली असतात. त्यांच्या गळ्यात चमकते पट्टे बांधणारी पोरं चांगलं काम करतात, पण पट्टा म्हणजे उत्तर नव्हे. नर वासरू जन्मालाच कमी यावं यासाठी लिंगनिवडीचं वीर्य दवाखान्यातून स्वस्तात मिळायला हवं आणि पंचायतीची गोशाळा वैरणीसकट चालायला हवी. प्राणिमित्रांनी यावर मोर्चे काढावेत.

७. कायद्यातली किंमत बदलते आहे, दंड बदललेला नाही

जुन्या भारतीय दंड संहितेत, गाय-बैलासारखी काही ठरावीक जनावरं सोडली तर, जनावर मारणं किंवा लुळं करणं हा गुन्हा त्याच्या किमतीवर ठरे. दहा रुपयांच्या जनावराला एक शिक्षा, पन्नास रुपयांच्या जनावराला दुसरी, मोठी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अट नाही. कोणताही प्राणी मारला, त्याला विष घातलं किंवा लुळं केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद. रस्त्यावरचं कुत्रं आणि जातिवंत बैल कायद्यापुढे एका रांगेत आले.

पण रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून झालेला १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा पाहा. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. सहा दशकं उलटली तरी आकडा तोच राहिला. पन्नास रुपयांत आमच्या सौंसरच्या बाजारात वैरणीचा पेंढाही धड येत नाही. २०२२ मध्ये केंद्रानं हा दंड वाढवणारा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला होता. पुढच्या वेळी तुमचा खासदार गावात मतं मागायला येईल तेव्हा त्याला या मसुद्याचं काय झालं ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.