दुष्काळ एक, झळ वेगवेगळी : आपल्या घराची ऐपत तपासा



एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्याआधी मार्चमध्ये तेथील पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लागू करावी लागली होती. टंचाई साऱ्या शहराला होती; परंतु ज्याच्या हाती पैसा होता त्याने टँकर विकत घेतला, तर रोजंदारीवर जगणाऱ्याची मजुरी पाण्याच्या रांगेत बुडाली. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात याउलट घडले. अतिवृष्टीने गावात पाणी शिरले. हवामान बदलामुळे पावसाचा खंड आणि अतिवृष्टी ही दोन्ही संकटे वाढत आहेत. त्यांची झळ किती बसेल हे बऱ्याच अंशी घराच्या ऐपतीवर ठरते.

खरी ऐपत कोणती?

ऐपत म्हणजे केवळ जमीन नव्हे. दहा एकरांचा शेतकरी कर्ज काढून उसासाठी एकामागून एक बोअर घेतो आणि ते कोरडे गेल्यास कर्जात अडकतो. तीन एकर कोरडवाहू, चार शेळ्या, घरचे बियाणे आणि थोडी शिल्लक असलेला शेतकरी त्याच्याआधी सावरू शकतो. पुढचा हंगाम न मोडता अडचणीत जे विकता येते, ती खरी ऐपत होय. ती वाढविण्यासाठी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

१) विक्रीचा क्रम : टंचाईत सर्वजण एकाच वेळी बैल बाजारात आणतात, त्यामुळे भाव पडतो. पेरणीच्या तोंडावर तशीच जोडी महाग पडते. म्हणून गरजेपुरते ठेवून उरलेले धान्य व शेळ्या आधी विकाव्यात. बैलजोडी व बियाणे शेवटपर्यंत राखावे.

२) घरचे बियाणे : सोयाबीनच्या सरळ वाणाचे बियाणे दरवर्षी विकत घेण्याची गरज नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. सत्तर किंवा अधिक उगवल्यास हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते.

३) पीकपद्धती : सोयाबीन अधिक तूर (४:२) घ्यावे. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागण्याची शक्यता राहते. रुंद वरंबा सरी पद्धतीने खंडात ओल टिकते व जादा पाण्याचा निचरा होतो.

४) कागदपत्रे : नुकसानीची मदत सातबाऱ्यावरील नावाने मिळते. त्यामुळे बटाईने कसणारा आणि नावावर जमीन नसलेली शेतकरी भगिनी मागे राहतात. बटाईचा करार लेखी करावा, त्यातच भरपाईची वाटणी ठरवावी. ई-पीक पाहणी वेळेत नोंदवावी. घरच्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर लावावे.

मजुरांचा विचार

भूमिहीन मजुराकडे विकण्यासाठी केवळ श्रम असतात आणि नेमक्या दुष्काळात त्या श्रमांना गिऱ्हाईक नसते. १९७२ च्या दुष्काळातील या अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. म्हणून बांधबंदिस्ती व जलसंधारणाच्या कामांचा आराखडा ग्रामसभेत टंचाईपूर्वीच मंजूर करून घ्यावा. त्यातून मजुराला काम मिळेल आणि आपल्या शिवारात पाणीही मुरेल.

संकट आल्यावर ऐपत उभी करता येत नाही. ती बऱ्या वर्षातच थोडी थोडी बांधून ठेवावी लागते.