बेडूक आणि त्याचे घर : वाइड-अँगल मॅक्रो लेन्स निवडताना

दिवाळीची सुट्टी जवळ आली की छायाचित्रण छंदवर्गातल्या छात्रांच्या पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो : "सर, मुलाला मॅक्रो लेन्स घ्यायची आहे, कोणती घेऊ?" यंदा त्यात 'वाइड-अँगल' हा शब्द वाढला आहे. लेन्स स्वस्त नसते. शिवाय ती हातात आली की मूल कुठल्या जिवाच्या किती जवळ जाणार, हेही बरेचसे ठरून जाते. म्हणून यावेळी उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी फरक समजून घेऊ. १०० मिमीच्या नेहमीच्या मॅक्रो लेन्सने बेडकाचा डोळा चौकट भरून येतो आणि मागे राहतो तो हिरवा धुरळा. फोटो देखणा असतो, पण तो बेडूक इथल्या कोडगूच्या रानातला की कुणाच्या काचपेटीतला, हे त्यावरून सांगता येत नाही. वाइड-अँगल मॅक्रोमध्ये बेडूक पुढे मोठा दिसतो आणि मागे तो ज्या पानावर बसला ते झुडूप, कॉफीची रांग, वरचे सिल्व्हर ओक आणि पावसाळी आभाळही दिसते. बेडकाबरोबर त्याचे घर येते. हे घर दाखवायचे नसेल, तर ही लेन्स घेऊच नका.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. सगळे '१:१' शोधतात. १:१ म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. आपल्या छंदवर्गातले कॅमेरे एपीएस-सी सेन्सरचे आहेत, म्हणजे सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी. १:१ वर तीन सेंटिमीटरचा झुडपी बेडूक त्यात पूर्ण मावतसुद्धा नाही, मग त्याचे घर कुठून मावणार? १:४ घेतले तर चौकटीत ९४ मिमी रुंदी येते. बेडूक तिचा एक-तृतीयांश भाग व्यापतो आणि बाकीची जागा रानासाठी उरते. माझ्या मते या प्रकारची उत्तम छायाचित्रे १:४ ते १:२ या पट्ट्यातच मिळतात.

दुसरा मुद्दा अंतराचा. लाओवा कंपनीची १५ मिमी एफ/४ ही लेन्स २०१५ साली आली. ती खरोखर १:१ देते, पण त्या वेळी लेन्सच्या पुढच्या काचेपासून वस्तूपर्यंत जेमतेम ५ मिमी जागा उरते. एवढ्या जवळ गेल्यावर लेन्सची सावलीच बेडकावर पडते, आणि बेडूक काही तिथे थांबत नाही. हीच लेन्स १:२ वर वापरली तर मोकळी जागा सुमारे दोन सेंटिमीटर होते, १:४ वर सुमारे पाच. एफ/११ ठेवल्यास १:१ वर जेमतेम एक मिलिमीटरची जाडी स्पष्ट येते, १:४ वर ती सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे ज्या आकड्यासाठी पालक जास्त पैसे मोजतात, तो आकडा रानात क्वचितच कामी येतो.

मग पर्याय काय? सिग्माची जुनी २४ मिमी एफ/१.८ लेन्स १:२.७ पर्यंत जाते. ती आता वापरलेलीच मिळेल, पण तपासून घेतली तर आपल्या कामाला पुरते. टोकिनाची १०-१७ मिमी फिशआय १:२.५६ देते. तिच्यात कडेची झाडे धनुष्यासारखी वाकतात. काहींना ते आवडते, मला फारसे नाही. लाओवाचा फोकस आणि छिद्र दोन्ही हाताने फिरवावे लागते. नवशिक्याला ते जड जाईल असे पालकांना वाटते, पण छात्र ते आठवड्यात शिकतात. आणि झूम लेन्सवर लिहिलेल्या 'मॅक्रो' शब्दाला भुलू नका. तो आकडा बहुधा लांबच्या टोकाचा असतो, रुंद टोकाला तो कितीतरी घसरतो. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ चेही तसेच.

लेन्स घेण्याआधी सुट्टीत घरच्या फोनवर सराव करा. बऱ्याच नव्या फोनमधला अल्ट्रा-वाइड कॅमेरा दोन-तीन सेंटिमीटरवर फोकस करतो. अंगणातली गोगलगाय, कुंडीतली अळंबी, भिंतीवरचा कोळी, काहीही चालेल. मात्र प्रत्येक फोटोत मागचे ठिकाण ओळखू आले पाहिजे. असे वीस फोटो आणा, मग लेन्सबद्दल बोलू. वीस फोटोंपूर्वीच कंटाळा आला तर पालकांचे पैसे वाचले.

बाकी बैठक तुम्हाला ठाऊक आहेच. पॉइंट टू-टू रायफलसाठी जसे पोटावर पडून दोन्ही कोपरे टेकता, तसेच. श्वासाचे तंत्रही तेच. कॅमेऱ्यातला फ्लॅश मात्र वापरू नका, लेन्सच त्याचा प्रकाश अडवते. बाजूने पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरला की सावली बरीच हटते. बेडूक हाताने उचलून 'चांगल्या' पानावर ठेवायचा नाही. त्याची कातडी ओली आणि नाजूक असते, आणि आपल्या हातांना डास पळवण्याचे मलम लागलेले असते.

सापांसाठी नियम वेगळा. पावसाळ्यात मलबार चापडा झुडपावर तासन्‌तास हलत नाही, त्यामुळे तो फोटोसाठीच बसला आहे असे वाटते. तो विषारी आहे. त्याच्यासाठी ७०-३०० लेन्स, किमान दोन मीटर अंतर आणि सोबत एक शिक्षक. वाइड लेन्स त्या दिवशी बॅगेतच राहील, मग ती कुणी कितीही महाग घेतलेली असो.