हिवानं भाजलेल्या झाडाला घाई नको

पोरा, संत्र्याची पानं एका रात्रीत तपकिरी झाली म्हणून ‘उपटून टाकू का?’ असं तू विचारलंस. लहानपणी पेरलेलं बी उगवलं का म्हणून तू रोज माती उकरून बघायचास, ती सवय अजून गेलेली दिसत नाही. तेव्हा कुदळ ठेव आणि हे सावकाश वाच.

१. आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस — २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता, आणि तो हवामान खात्याच्या सावलीतल्या पेटीतला पारा. उघड्या वावरात पानाचं अंग त्याहूनही थंड होतं. पेटी ४ अंश सांगत असते तेव्हा इकडं पानावर दहिवर गोठू शकतं.

२. सांजेला आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला दिसला की समज, आजची रात्र जागायची — ढग असले तर जमिनीची ऊब अडते, नसले तर ती वर निघून जाते. खरा घाला झुंजूमुंजू व्हायच्या आधी पडतो.

३. पैनगंगेकाठच्या सखल तुकड्यात नवी कलमं लावू नकोस, आणि उताराच्या खालच्या धुऱ्यावर दाट कुंपण घालू नकोस — थंड हवा जड, ती पाण्यासारखी उतारानं वाहत येते आणि अडली की बगीच्यातच साचते.

४. गार वारं येतं त्या उत्तर-पश्चिम अंगाला मात्र शेवरी लाव.

५. पावसाळा सरला की युरियाचा हात आखड — उशिरा फुटलेली पालवी कोवळी नि रसरशीत, हीव आधी तिलाच खातं.

६. थंडीच्या लाटेत सायंकाळी हलकं पाणी दे — ओली माती दिवसाची ऊब धरते नि रात्री हळूहळू सोडते. विहिरीचं पाणीही हवेपेक्षा कोमट असतं. पण आंबिया बहरासाठी ताणावर सोडलेल्या झाडांना हे पाणी नको, ताण मोडेल आणि बहराचा घोळ होईल. तिथं शेकोट्याच पेटव.

७. एक मोठा जाळ करण्यापेक्षा जागोजाग लहान शेकोट्या कर — मोठ्या जाळाची ऊब सरळ वर जाते, लहानांची झाडांत रेंगाळते. तुराट्यांच्या गंजीपासून लांब, आणि कोणीतरी जागं हवं.

८. वर्षा-दोन वर्षांच्या कलमांना तुराट्यांची खोपी कर, पूर्वेची बाजू उघडी ठेव — सकाळचं ऊन आत गेलं पाहिजे. प्लास्टिक झाकलंस तर ते पानाला टेकू देऊ नकोस, टेकलं तिथंच पान भाजतं.

९. आता तुझ्या प्रश्नाकडं येतो. भाजलेल्या झाडाला लगेच कात्री लावू नकोस — कुठवर मेलंय हे महिना-दीड महिना कळतच नाही. शिवाय छाटलं की झाड फुटायला बघतं आणि पुढची थंडी तो फुटवाही नेते. साग पानं टाकून मोकळा होतो. आंबा, संत्रा, लिंबू ही बारमाही हिरवी झाडं पानांसकट थंडी झेलतात, म्हणून त्यांचं दुखणं लांबून फार मोठं दिसतं. हिवाचा हिशेब होळीनंतर.

१०. टोकाकडून बुडाकडं येत नखानं साल जराशी खरवड — आत हिरवं नि ओलं असेल तर फांदी जिवंत, तपकिरी नि कोरडं असेल तर मेलेली. हिरवं लागलं की खरवडणं थांबव, रोज रोज नको!

११. संत्र्याची भाजलेली पानं गळाली तर घाबरू नकोस, वाळून चिकटून राहिली तर मात्र त्या काडीवर नजर ठेव — पान झटकायलासुद्धा काडीत जीव लागतो.

१२. हा नियम प्रत्येक झाडाला लावू नकोस. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०२१ च्या फेब्रुवारीत कडाका पडला, तेव्हा तिथल्या सदाहरित ओकची पानं तपकिरी होऊन तशीच लटकून राहिली होती. नवे डोळे फुगले तशी ती गळाली आणि बरीच झाडं पुन्हा हिरवी झाली — पान गेलं होतं, लाकूड शाबूत होतं. करपलं पान म्हणजे मेलं रान नव्हे.

१३. कीव येऊन पाण्याचा मारा करू नकोस, खताचाही नको — पानं नाहीत तर झाड पाणी पिणार कशानं? भारी काळ्या जमिनीत खोडाशी पाणी साचलं की डिंक्या लागतो, आणि हिवातून वाचलेलं झाड त्यानं जातं.

१४. एप्रिलच्या आत खोडाला बोर्डो पेस्ट लाव: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी — पानांची सावली गेली की वऱ्हाडातलं ऊन सालीला तडे पाडतं. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नकोस.

१५. नवा फुटवा कलमाच्या जोडाच्या वर आहे की खाली, ते वाकून बघ — खालचा असेल तर ती खुंटाची जंबेरी, काटे देईल, संत्रं नाही. बोटाएवढी असतानाच खुडून टाक.

१६. शंका राहिलीच तर रिसोड तालुक्यात करड्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं फांदी घेऊन जा — फोटोत सालीचा आतला रंग दिसत नाही. आणि मृगापर्यंत एकही डोळा फुटला नाही, तरच कुदळ काढ.