फोनमधली शाळा

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? कौलारू इमारत. पुढे अंगण. अंगणात झेंड्याचा खांब. फळ्यापाशी उभे असलेले गुरुजी आणि सुरात पाढे म्हणणारी पोरे. आपल्यापैकी पुष्कळांना लहानपणी या शाळेची पायरी चढता आली नाही. ती पायरी आपण आता चढलो. वाचायला लागलो.

आता आपल्या घरात आणखी एक शाळा शिरली आहे. तिला भिंती नाहीत, घंटा नाही. ती सदऱ्याच्या खिशात मावते. ही शाळा म्हणजे मोबाईल फोन.

लोक विचारतात, "ही शाळा चांगली की वाईट?" आम्ही म्हणतो, विळ्याने गवत कापते आणि हातही कापतो. विळा कसा धरायचा हे ज्याला कळले, त्याला भीती नाही. फोनचेही तसेच आहे. तो कसा धरावा, हे आज आपण शिकू.

शाळा फोनमध्ये कशी आली?

२०२० साल आठवा. त्या साली कोरोनाची साथ आली. मार्च महिन्यात सगळा देश बंद झाला. शाळांना कुलपे लागली. जिल्हा परिषदेच्या शाळाही बंद झाल्या. गावाकडे पहिली ते चौथीच्या लहान मुलांचे वर्ग पुन्हा भरायला २०२१ चा डिसेंबर उजाडला.

एवढे दिवस मुलांनी करायचे काय? गुरुजी आणि बाई फोनवरून धडे पाठवू लागले. व्हॉट्सॲपवर पालकांचे ग्रुप झाले. सकाळी ग्रुपवर अभ्यास यायचा. मुलाने तो वहीत करायचा. वहीचा फोटो काढून गुरुजींना पाठवायचा. २०२० च्या जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाचा शिकवणीचा कार्यक्रमही सुरू झाला.

पण सगळीकडे रेंज नव्हती. सगळ्यांकडे फोनही नव्हते. तेव्हा लोकांनी डोके चालवले. सोलापूर शहरात नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुले भिंतीपुढे उभी राहून वाचू लागली. पालघर जिल्ह्यातल्या काही आदिवासी पाड्यांवर भोंग्यावरून धडे ऐकवले. शिकवायची तळमळ असली की वाट सापडते, ती अशी.

फोन घरात आहे, पण कोणाच्या हातात?

त्या काळात घरोघर नवे फोन आले. प्रथम ही संस्था खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करते. त्या पाहणीला 'असर' म्हणतात. पाहणीत असे दिसले की, २०१८ साली देशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांच्या शंभर घरांपैकी सुमारे ३६ घरी स्मार्टफोन होता. २०२० साली तो सुमारे ६२ घरी आला. २०२१ साली सुमारे ६८ घरी.

हे वाचून बरे वाटते. पण पुढचा आकडाही वाचा. २०२१ साली ज्या मुलांच्या घरी फोन होता, त्यांतल्या शंभरांपैकी सुमारे २६ मुलांना तो हाताळायलाच मिळत नव्हता. कारण उघड आहे. घरात फोन एक. तो घेऊन बाप कामावर जातो. पोरगी दारात बसून वाट पाहते. संध्याकाळी फोन घरी आला की पुष्कळ घरी तो आधी मुलाच्या हातात जातो, मग उरला वेळ तर मुलीच्या. तोवर चार्जिंग संपलेले असते.

याचा परिणाम काय झाला? तिसरीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता यायला हवे. असरच्या पाहणीत २०१८ साली खेड्यांतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे २७ मुलांना ते येत होते. २०२२ साली हा आकडा सुमारे २० वर उतरला. मुले वरच्या वर्गात गेली, पण वाचन मागे राहिले. फोन होता, तरी हे झाले. म्हणजे फोन घरात आला म्हणून शिक्षण आले, असे होत नाही. शेजारी बसून "वाच बरं" म्हणणारे माणूस लागते.

पुस्तकातला ठिपक्यांचा चौकोन

मुलाचे शाळेचे पुस्तक हातात घ्या. पानावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसेल. असाच चौकोन किराणा दुकानात पैसे द्यायच्या जागी चिकटवलेला असतो. याला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ साली जपानमध्ये हा तयार झाला, तो मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी. आज तो आपल्या पोरांच्या पुस्तकात येऊन बसला आहे.

तो पुस्तकात आणण्याच्या कामी आपल्या मातीतल्या एका गुरुजींचे नाव घेतले जाते. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून लहानसे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक होते. त्यांनी पुस्तकातल्या धड्यांना हे चौकोन जोडले. चौकोन फोनला दाखवला की कविता ऐकू यायची, चित्र हलायचे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे चौकोन आले. २०२० साली डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हे जगातले मोठे बक्षीस मिळाले. रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली अर्धी त्यांनी शेवटच्या फेरीत आलेल्या इतर शिक्षकांना वाटून दिली.

हा चौकोन वापरायचा कसा? फोनमध्ये 'दीक्षा' नावाचे सरकारी ॲप घ्यावे. ते २०१७ साली सुरू झाले. त्याला पैसे पडत नाहीत. ॲप उघडून फोनचा कॅमेरा चौकोनावर धरावा. धडा समोर येतो. जिथे रेंज चांगली आहे, तिथे धडा फोनमध्ये उतरवून ठेवावा. मग घरी रेंज नसली तरी तो पाहता येतो. एकदा मुलाकडून हे करवून घ्या. "मला दाखव की, कसं करतोस ते," असे म्हणा. मुलाला शिकवायची हौस असते. आपणही शिकतो.

ग्रुपवरचे दोन निरोप

आता आपल्या वाचनाचा कस लावू. पालकांच्या ग्रुपवर आलेले दोन निरोप इथे दिले आहेत. मोठ्याने वाचा.

पहिला निरोप: "उद्या शनिवार. शाळा सकाळची आहे. मुलांना ७ वाजता पाठवावे. सोबत गणिताची वही द्यावी. – वर्गशिक्षक."

दुसरा निरोप: "सरकार सर्व मुलांना फुकट लॅपटॉप देत आहे!! आज शेवटचा दिवस!! खालची लिंक दाबा. आधार नंबर भरा. हा निरोप दहा जणांना पाठवा."

कोणता खरा वाटतो? पहिला कोणी पाठवला ते कळते. काय करायचे तेही कळते. दुसरा कोणी पाठवला? नाव नाही. तो घाई करतो. फुकट देतो म्हणतो. आपला नंबर मागतो. वर दहा जणांच्या गळ्यात मारायला सांगतो. या पाच खुणा लक्षात ठेवा. खुणा दिसल्या की लिंक दाबू नका आणि निरोप पुढे ढकलू नका. गुरुजींना विचारा. तो निरोप आपल्या भावाने किंवा मेहुण्याने पाठवला असला, तरी विचाराच. त्यालाही तो दुसऱ्याकडूनच आलेला असतो.

कोणी फोन करून ओटीपी मागितला तर सांगू नये. ओटीपी सांगणे म्हणजे तिजोरीची किल्ली चोराच्या हातात देणे. फसवणुकीने पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. मुलाला कोणी फोनवरून घाबरवत असेल, त्रास देत असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. आणि मुलाने असे काही सांगितले, तर आधी त्याला मारू नका. एकदा मार बसला की पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

धड्याशेजारची जत्रा

फोनमध्ये धड्याच्या अगदी शेजारी जत्रा भरलेली असते. गाणी, नाच, खेळ, रील. एक रील संपली की दुसरी आपोआप पुढे येते. पाळणा थांबतच नाही. हे कोणासाठी चालते? या कंपन्या आपल्याकडून तिकिटाचे पैसे घेत नाहीत. त्या जाहिरातींवर पैसा मिळवतात. आपण जितका जास्त वेळ बघू, तितक्या जास्त जाहिराती दिसतात. म्हणजे तिथे विकला जातो तो आपला वेळ. आपल्या पोराचाही.

घरोघर हे बोलणे ऐकू येते :
"काय करतोयस रे?"
"अभ्यास करतोय, आई."
आईला वाटते, पोरगा शिकतोय. पोरगा चार मिनिटे धडा बघतो आणि चाळीस मिनिटे जत्रेत हिंडतो.

व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्याच नियमाप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलाने तिथे स्वतःचे खाते काढायचे नाही. २०२३ साली आपल्या देशात माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी कंपनीने आई-बापाची परवानगी घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. ऑस्ट्रेलिया देशाने तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारखी खाती ठेवायला बंदी केली. कायदे हवेतच. पण रात्री दहा वाजता आपल्या माजघरात कायदा येऊन उभा राहत नाही. तिथे आपणच असतो.

भोंगा वाजला!

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. साथ ओसरली, शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातचा फोन सुटेना. अभ्यास मागे पडू लागला. गावाने विचार केला. नुसते पोरांना रागावून काय होणार? पोरांच्या हातात फोन, तर मोठ्यांपुढे टीव्हीवरच्या मालिका.

गावात सभा झाली. बायकांनी हा विचार उचलून धरला. मग ठरले. १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही बंद, फोन बाजूला. साडेआठपर्यंत दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. सुरुवातीला काही लोक हसले. तरी अंगणवाडीच्या बाया, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर गेले आणि त्यांनी लोकांना समजावून सांगितले.

या गावाने फोन फोडले नाहीत. कोणाचा फोन जप्त केला नाही. त्यांनी फक्त वेळ ठरवली आणि ती सर्वांना सारखी लावली. पोराला "फोन ठेव" म्हणायचे आणि आपण रीळ उलगडावे तशा रीली बघत बसायचे, हे चालत नाही. पोरे आपले बोलणे कमी ऐकतात, आपले वागणे जास्त बघतात.

आपल्या घरी काय करता येईल?

भोंगा नसला तरी चालेल. भिंतीवरचे घड्याळ पुरे. चार गोष्टी कराव्यात.

१. फोनची वेळ ठरवा. मुलाची आणि मुलीची वेळ सारखी असावी. ती वेळ कागदावर लिहून भिंतीला लावा. आता आपल्याला लिहिता येते.

२. मूल फोन मागायला आले की विचारा : "कोणता धडा? किती वेळ?" फोन परत घेताना विचारा : "काय शिकलीस ते मला सांग." धडा आपल्याला समजला नाही तरी चालेल. मूल खरेच शिकले आहे का, हे त्याच्या तोंडाकडे बघून आईला कळते.

३. रोज थोडा वेळ पुस्तकातला धडा मोठ्याने वाचा. एक ओळ मुलाने, एक ओळ आपण. चुकलो तर मूल सुधारेल. त्यात कमीपणा नाही.

४. ग्रुपवर आपल्या किंवा दुसऱ्याच्या मुलांचे फोटो न विचारता टाकू नका. एकदा गेलेला फोटो परत बोलावता येत नाही.

आपल्याला अक्षर येत नव्हते, तेव्हा फोन पोराच्या हातात देऊन "बघ रे काय आलंय" असे म्हणावे लागत होते. पोर सांगेल ते खरे मानावे लागत होते. आता तसे नाही. शाळेचा निरोप आपण स्वतः वाचू शकतो. खोटा निरोप ओळखू शकतो. फोनमधल्या शाळेला आजवर एकच कमी होती, घरातल्या मोठ्या माणसाची. ती जागा आता आपण घेऊ या.

कठीण शब्द

ग्रुप – फोनवर एकत्र जोडलेली मंडळी. एकाने लिहिले की सर्वांना दिसते.
लिंक – फोनवरचा दुवा. तो दाबला की दुसरे पान उघडते.
ओटीपी – एकदाच चालणारा गुप्त आकडा.
रील – फोनवरचे छोटे हलते चित्र.
क्यूआर कोड – ठिपक्यांचा चौकोन. फोनला दाखवला की माहिती उघडते.

प्रश्न

१. शाळा बंद होत्या तेव्हा सोलापुरात आणि पालघर जिल्ह्यात लोकांनी काय केले?
२. खोटा निरोप ओळखायच्या पाच खुणा कोणत्या?
३. मोहित्यांच्या वडगावात भोंगा किती वाजता वाजू लागला? तो वाजल्यावर लोकांनी काय करायचे ठरले?
४. आपल्या घरी फोनची वेळ कोणती असावी? घरच्या सर्वांशी बोलून ठरवा आणि दोन ओळींत लिहा.